नळीवर वेळ लिहा: पळणाऱ्या घोड्याचं रक्त कधी काढावं आणि रिपोर्ट कसा वाचावा

कोणी मला घोड्याच्या रक्ताचा रिपोर्ट पाठवला की आकड्यांकडे बघायच्या आधी मी तीन गोष्टी विचारते. रक्त किती वाजता काढलं? त्याआधी घोडा किती पळाला होता आणि ते थांबून किती वेळ झाला होता? सुई टोचली तेव्हा तो शांत उभा होता की डोकं वर करून नाचत होता? पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा "सकाळी कधीतरी" असं येतं, पुढच्या दोन्हींचं येतच नाही. अशा रिपोर्टवर मी औषध लिहीत नाही. शर्यतीच्या आणि लांब पल्ल्याच्या घोड्यांचं रक्त काढायला लागून मला २१ वर्षं झाली. त्यातली पहिली काही वर्षं मीही या तीन गोष्टी विचारत नव्हते, त्याची एक आठवण आधी सांगते.

तीन वर्षांची एक तांबूस घोडी होती. काम मंद झालं, खाणं कमी झालं म्हणून मला बोलावलं. पहाटे ठाणात अर्धवट झोपेत असताना रक्त काढलं. पीसीव्ही, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा, ३२ टक्के आला. "रक्त कमी आहे," असं मी सांगून टाकलं आणि लोहाची इंजेक्शनं सुरू केली. पंधरा दिवसांनी पुन्हा तपासलं तर ४४! मालक खूश, मी खूश. मग त्या घोडीचा मोतद्दार मला बाजूला घेऊन म्हणाला, "डॉक्टर, आज शेजारच्या ठाणात नाल ठोकत होते. हातोडा पडला की ही थरथरत होती." तिसऱ्या दिवशी सगळं सामसूम असताना मी तिसरी नळी भरली. पीसीव्ही ३३. इंजेक्शनांनी काहीही केलं नव्हतं. वाढवला होता तो हातोड्याच्या आवाजाने.

प्लीहा मध्ये पडते

घोड्याची प्लीहा ही तांबड्या पेशींची कोठी आहे. एकूण तांबड्या पेशींपैकी तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, तिथे राखीव असतो. घोडा घाबरला, चिडला किंवा पळायला लागला की अॅड्रेनलीन सुटतं, प्लीहा आकसते आणि तो साठा रक्तात ओतला जातो. थरोब्रेड किंवा अरबी घोड्याचा विश्रांतीतला पीसीव्ही साधारण ३२ ते ४६ असतो. भरधाव पळून आल्यावर तोच ६० ते ६५ पर्यंत जातो. हा आजार नव्हे. प्राणवायू वाहून नेणाऱ्या पेशी ऐन कामाच्या वेळी वाढवायची ही सोय आहे, आणि घोडा इतका दमदार धावू शकतो त्याचं एक मोठं कारण तेच आहे.

पळणं थांबल्यावर पेशी लगेच कोठीत परतत नाहीत. एक-दोन तास तरी जातात, जबर कामानंतर आणखी. म्हणून 'विश्रांतीचं रक्त' हवं असेल तर ते खरोखर विश्रांतीतच काढा: पहाटे, कामाच्या आधी, चंदी देण्याच्या आधी, आदल्या दिवशी जोराचं काम झालेलं नसताना. चंदीचं का, तर भरपूर दाणा पोटात गेला की पाचकरसासाठी रक्तातलं पाणी आतड्याकडे ओढलं जातं आणि तासाभरात रक्त दाट दिसायला लागतं. गुंगीचं औषध देऊनही रक्त काढू नका. एसेप्रोमॅझीनने प्लीहा सैलावते, पेशी आत जाऊन बसतात आणि धडधाकट घोड्याचा पीसीव्ही खाली आलेला दिसतो.

सुई हातात असताना मी काय करते ते सांगते. ज्या माणसाला घोडा ओळखतो त्यानेच दोरी धरायची. सिरिंज, नळ्या, स्पिरिटचा बोळा हे सगळं बाहेरच तयार ठेवायचं. ठाणात शिरून वेष्टनं फाडत बसायचं नाही. आत जाऊन मानेवर हात ठेवायचा, मानेच्या वरच्या एक-तृतीयांश भागातल्या खोबणीत अंगठा दाबायचा, शीर फुगली की सुई. अंगठा दाबल्यापासून नळी भरेपर्यंत अर्धं मिनिट. दुसऱ्यांदा टोचावं लागलं तर नळीवर 'दु' असं लिहायचं, कारण तोवर प्लीहेला बातमी लागलेली असते.

नळी भरली की जांभळ्या टोपणाची ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) नळी हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटीसुलटी करा. जोरात हलवलीत तर पेशी फुटतील. घोड्याचं रक्त इतर जनावरांपेक्षा फार लवकर खाली बसतं. नळी खिडकीत उभी करून दहा मिनिटांनी बघा: खाली गडद लाल थर आणि वर पिवळं धमक पाणी. तो पिवळा रंग पाहून नवीन मुलं घाबरतात, पण घोड्याचा प्लाझ्मा मुळातच पिवळा असतो. घाबरण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. तीच नळी न हलवता मशीनला लावली तर पीसीव्ही पार चुकतो. मोजण्याआधी पुन्हा उलटीसुलटी करायची, दर वेळी.

एवढं करूनही पीसीव्ही सतत कमीच येत असेल तर एक अडचण असते. माणसात किंवा कुत्र्यात नव्या, अपक्व तांबड्या पेशी रक्तात दिसतात आणि हाडातली मज्जा, जिथे या पेशी बनतात, कामाला लागल्याचं कळतं. घोडा त्या मज्जेतून बाहेर सोडतच नाही. त्यामुळे एका नळीवरून निदान होत नाही. आठवड्याच्या अंतराने दोन-तीन नळ्या लागतात. आणि कृपा करून लोह देऊ नका. चाऱ्यातून घोड्याला पुरेसं लोह मिळतं, त्याची खरी कमतरता फार क्वचित असते आणि जादा लोह यकृतात साठून त्रास देतं. मी ते त्या तांबूस घोडीला दिलं होतं, ही गोष्ट मला अजून खुपते.

लॅक्टेट: एकदा नव्हे, पायऱ्यांनी

शर्यतीच्या घोड्याच्या तयारीबद्दल सर्वांत जास्त सांगणारा आकडा लॅक्टेटचा, म्हणजे जोरात पळताना स्नायूंत साखरेपासून बनणाऱ्या पदार्थाचा. विश्रांतीत तो लिटरला १ मिलिमोलच्या आत असतो. दुडकीत आणि हलक्या चौफेर चालीत थोडाच वाढतो. मग एक वेग असा येतो की स्नायू लॅक्टेट बनवतात त्या गतीने शरीर ते वापरू शकत नाही, आणि आकडा सरळ वर चढतो. ती सीमा म्हणून ४ मिलिमोल धरायचा प्रघात आहे. शर्यत संपल्यावर २० ते ३० मिलिमोल हा नेहमीचा आकडा. थांबल्यावरही स्नायूंतून लॅक्टेट रक्तात येतच राहतं, त्यामुळे सर्वांत वरचा आकडा थांबल्यावर पाच ते दहा मिनिटांनी मिळतो.

म्हणून शर्यतीनंतर काढलेल्या एकाच नळीतून तयारी कळत नाही. जिंकलेल्याचं आणि हरलेल्याचं लॅक्टेट दोन्ही उंचच असतं. पायरीची चाचणी करा. पंधरा मिनिटं अंग मोकळं करून घ्या, मग एकसारख्या अंतराच्या तीन-चार फेऱ्या, प्रत्येक फेरी आधीपेक्षा सेकंदाला एक मीटर वेगाने, आणि प्रत्येक फेरीनंतर ठरलेल्या मिनिटाला रक्त. वेग आडव्या रेषेवर, लॅक्टेट उभ्या रेषेवर मांडून बिंदू जोडा आणि ४ मिलिमोलला वेग किती होता ते वाचा. सहा आठवड्यांनी त्याच मातीवर, त्याच स्वाराखाली, तितक्याच उन्हात पुन्हा. रेघ उजवीकडे सरकली तर घोडा सुधारतोय. डावीकडे सरकली तर आधी पाय तपासा, मग श्वासनलिका, मग ताप. दुखऱ्या पायाने पळणाऱ्या घोड्याचं लॅक्टेट लंगड डोळ्यांना दिसायच्या आधी वाढलेलं मी अनेकदा पाहिलं आहे.

हातातल्या छोट्या मशीनवर अख्ख्या रक्ताचं लॅक्टेट येतं, प्रयोगशाळा प्लाझ्माचं देते, आणि प्लाझ्माचा आकडा जास्त असतो. दोन्ही एका तक्त्यात मिसळू नका. प्रयोगशाळेला पाठवायचं तर राखाडी टोपणाची फ्लोराइडची नळी आणि बर्फ; साध्या नळीत तांबड्या पेशी साखर खाऊन लॅक्टेट बनवत राहतात आणि तुम्हाला मिळतो तो नळीच्या प्रवासाचा आकडा.

दुसऱ्या दिवशीच्या आखडण्याला लॅक्टेट जबाबदार नाही. काम संपताच घोडा बांधून न ठेवता हलक्या दुडकीत आणि चालत फिरवला तर ते लवकर उतरतं, आणि एक-दोन तासांत जवळपास मूळपदावर येतं. सकाळी पुठ्ठे कडक असतील तर कारण पुढच्या दोन आकड्यांत शोधा.

सीके आणि एएसटी: दोन घड्याळं

स्नायूंच्या पेशींना इजा झाली की सीके आणि एएसटी ही दोन एन्झाइमं रक्तात गळतात. दोघांचा वेग मात्र वेगळा. सीके काम झाल्यावर चार ते सहा तासांनी शिखरावर असतं आणि नवी इजा नसेल तर दोन-तीन दिवसांत खाली येतं. एएसटी चढायला सुमारे २४ तास घेतं आणि उतरायला एक ते तीन आठवडे. दोन्ही एकत्र वाचली की इजा किती जुनी ते कळतं. सीके वर आणि एएसटी नेहमीचं: इजा आजची, काही तासांची. दोन्ही वर: कालची, किंवा अजून चालू आहे. सीके उतरलेलं आणि एएसटी वर: मागच्या आठवड्यात काहीतरी झालं होतं, आता भरून येतंय. अशा वेळी मी मोतद्दाराला विचारते, "गेल्या रविवारी काय झालं होतं?" आणि बहुतेक वेळा त्याच्याकडे उत्तर असतं.

एका घोड्याच्या बाबतीत हे फार जवळून पाहिलं. भरधाव काम करून आला, पावलं आखडली, घाम सुटला, मागचे पाय टाकेना. मैदानावरच कोणीतरी रक्त काढलं. सीके जवळजवळ नेहमीचं. "स्नायूंचं काही नाही," असं ठरलं आणि त्याला चालवत ठाणावर आणलं. मी दुपारी पोचले तेव्हा पुठ्ठ्यावर बोट दाबलं तर लाकडावर दाबल्यासारखं वाटलं, आणि लघवी गडद तपकिरी. पुन्हा काढलेल्या नळीत सीके हजारोंच्या घरात होतं. पहिली नळी चुकीची नव्हती, ती फक्त फार लवकर भरली होती. तोवर चालवण्यामुळे इजा वाढली होती. पावलं आखडलेला घोडा जिथे आहे तिथेच थांबवा, डॉक्टरला बोलवा, आणि सीकेसाठी चार ते सहा तासांनंतरची नळी ठेवा.

वारंवार आखडणारा घोडा ओळखायचा असेल तर विश्रांतीत एक नळी, मग लांब दोरीवर पंधरा मिनिटं हलकी दुडकी, आणि चार ते सहा तासांनी दुसरी नळी. निरोगी घोड्यात फरक नगण्य असतो. सीके तिपटीवर गेलं तर वरून काही दिसत नसलं तरी स्नायूंचा आजार शोधायला हवा. दुडकीत पाऊल आखूड पडायला लागलं की तिथेच थांबायचं, पंधरा मिनिटं पुरी करायची नाहीत.

एएसटी यकृतातूनही येतं. सीके नेहमीचं आणि एएसटी वर असेल तर यकृताच्या इतर तपासण्या बरोबर मागवा. जीजीटी या यकृताच्या एन्झाइमबद्दल मात्र सावध राहा, दीर्घ सराव चालू असलेल्या शर्यतीच्या घोड्यात ते यकृत ठीक असतानाही चढतं. आणि बिलीरुबिन, म्हणजे रक्तातलं पिवळं द्रव्य, वाढलं म्हणून कावीळ धरू नका. घोडा एक-दोन दिवस नीट खाल्लेला नसेल तर एवढ्यानेच ते वाढतं. प्रवासातून आलेल्या घोड्यात हे नेहमी दिसतं. त्याला आधी चारा द्या.

लांब पल्ल्याचा घोडा: इथे सगळं उलटं

शर्यतीच्या घोड्याचं रक्त दोन-तीन मिनिटांत आम्ल होतं. दिवसभरात १६० किलोमीटर जाणाऱ्या घोड्याचं बहुधा अल्कधर्मी होतं, आणि याचं मूळ घामात आहे. उन्हात घोडा तासाला १० ते १५ लिटर घाम गाळतो, आणि त्या घामात मीठ माणसाच्या घामापेक्षा कितीतरी जास्त. त्यातलं क्लोराइड रक्तातल्यापेक्षा जास्त आणि पोटॅशियम कैक पट. तासन्तास हे गेलं की क्लोराइड खाली येतं, त्याची जागा भरायला मूत्रपिंड बायकार्बोनेट राखून ठेवतं आणि रक्त अल्कधर्मी होतं. त्यात मोकळं कॅल्शियम प्रथिनांना जास्त चिकटतं, म्हणजे वापरायला कमी उरतं. म्हणून लांब पल्ल्याच्या घोड्याला बायकार्बोनेट घातलेलं क्षारमिश्रण देऊ नका, त्याच्याकडे ते आधीच जादा असतं. शर्यतीत तर त्याला बंदीच आहे: घोड्याला सोडा पाजलाय का हे बघायला प्लाझ्मामधला एकूण कार्बन डायऑक्साइड मोजतात आणि त्याची मर्यादा लिटरला ३६ मिलिमोल आहे.

कॅल्शियम उतरल्याची खूण रिपोर्टच्या आधी कुशीवर दिसते. घोडा उभा आहे, श्वास वेगळ्या लयीत चाललाय, आणि कूस मधूनमधून उसळी घेते. एक हात कुशीवर ठेवा आणि दुसऱ्या हाताने स्टेथोस्कोप डाव्या कोपराच्या मागे लावा. प्रत्येक ठोक्याला हाताखाली धक्का बसतो, अगदी तालात. हृदयाचा ठोका छाती-पोटामधल्या श्वासाच्या पडद्याकडे जाणाऱ्या मज्जातंतूला चेतवतो म्हणून हे होतं. पहिल्यांदा अनुभवलं तेव्हा मी हात काढून पुन्हा ठेवला होता, विश्वासच बसेना. अशा घोड्याचा प्रवास तिथेच संपतो. नळी नंतर.

सोडियम मात्र फसवतं. घामात पाणी आणि मीठ दोन्ही जातात, त्यामुळे रक्तातलं सोडियमचं प्रमाण फारसं हलत नाही. रिपोर्टमध्ये ते नेहमीचं दिसतं आणि घोडा वीस-तीस लिटर पाण्याला मुकलेला असतो. तेच प्रमाण मेंदूतली तहान जागी करतं, म्हणून घोड्याला तहानही लागत नाही. पहिली बादली किंचित खारट द्या: १० लिटर पाण्याला ९० ग्रॅम मीठ. मीठ पोटात गेलं की तहान टिकते आणि पुढचं साधं पाणी तो मनापासून पितो. ही सवय घरच्या सरावात लावा, पल्ल्याच्या दिवशी पहिल्यांदा नको. साधं पाणी शेजारी कायम हवंच. आणि पाणी न पिणाऱ्या घोड्याच्या तोंडात क्षारांची पेस्ट कोंबू नका. ती रक्तातलं उरलंसुरलं पाणी आतड्यात ओढते.

पाणी किती गेलं ते ओळखायला पीसीव्हीच्या जोडीला एकूण प्रथिनं बघा. विश्रांतीत ती डेसिलिटरला ६ ते ७.५ ग्रॅम असतात आणि प्लीहेच्या आकसण्याचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही. दोन्ही वर: पाणी कमी झालंय. पीसीव्ही वर, प्रथिनं नेहमीची: प्लीहा, घाबरायचं कारण नाही. पीसीव्ही चढतोय आणि प्रथिनं उतरताहेत, हे मला सर्वांत नको असलेलं चित्र. आतड्यातून प्रथिनं गळत असतील, घोडा ताबडतोब रुग्णालयात न्या. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ, तेही पल्ल्यानंतर वाढतं, कारण रक्त स्नायूंकडे आणि कातडीकडे वळलेलं असतं. पाणी मिळाल्यावर दुसऱ्या सकाळपर्यंत ते उतरायला हवं. ते उतरेपर्यंत दुखण्यावरची फेनिलब्युटाझोनसारखी औषधं देऊ नका, कोरड्या पडलेल्या मूत्रपिंडाला ती सोसत नाहीत.

पांढऱ्या पेशींबद्दल थोडक्यात. शर्यतीनंतर सगळ्याच प्रकारच्या वाढतात, पुन्हा प्लीहाच. लांब पल्ल्यानंतर कॉर्टिसोल या ताणाच्या संप्रेरकामुळे पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट कमी होतात. हा तक्ता संसर्गासारखा दिसतो, पण बहुधा एका दिवसात निवळतो. शंका असेल तर एसएए (सीरम अमायलॉइड ए, दाह झाला की रक्तात वाढणारं प्रथिन) मागवा. निरोगी घोड्यात ते लिटरला २० मिलिग्रॅमच्या आत असतं, सरावाच्या दौडीने सहसा हलत नाही, आणि संसर्ग झाला तर सहा ते बारा तासांत चढायला लागतं. १२० किंवा १६० किलोमीटरनंतर ते संसर्गाशिवायही वाढतं, म्हणून तिथे तिसऱ्या दिवशी दुसरी नळी घ्या: उतरत असेल तर शीण होता, चढत असेल तर थर्मामीटर घेऊन घोड्यापाशी जा. दौडीआधी एसएए वाढलेलं आणि अंग गरम, अशा घोड्यावर त्या दिवशी खोगीर चढवायचं नाही.

दमून खचलेल्या घोड्यासाठी मात्र यातलं काहीही थांबून बघायचं नसतं. ठोके उतरत नाहीत, हिरड्या दाबल्यावर रंग परत यायला वेळ लागतो, पोटात आवाज नाही, समोर चारा असून बघत नाही: आधी अंगावर पाणी ओता, शिरेतून द्रव सुरू होईल अशी व्यवस्था करा. त्याच सुईतून नळी भरून घ्या आणि रिपोर्ट येईल तेव्हा येऊ द्या.

प्रत्येक घोड्याची त्याची स्वतःची वही ठेवा. पुस्तकातल्या मर्यादा खूप रुंद असतात; ३४ वर राहणारा घोडा ४१ वर आला तर पुस्तकाच्या लेखी दोन्ही ठीकच, पण त्या घोड्यापुरतं काहीतरी बदललेलं असतं. सुरुवातीला महिन्याभरात शांतपणे काढलेल्या तीन नळ्या, एकाच प्रयोगशाळेत, एवढ्यावर पुढची सगळी तुलना उभी राहते. त्या तांबूस घोडीच्या वहीतलं एक पान इथे तसंच उतरवते:

"पहाटे ५:४०. ठाणात, आडवी होती, उठवून. आदल्या दिवशी फक्त चाल. चंदीआधी. एकच टोच, २० सेकंद. आसपास शांत. पीसीव्ही ३३, प्रथिनं ६.६, सीके २१०, एएसटी ३१०. घोडी बरी. दात घासून घेतले, खाते आहे."